अनुभव धागा : मोटरसायकलवरच्या काढता-घालता येणाऱ्या सामानाचे बोल्ट तुम्ही कसे पक्के ठेवता?

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना डाव्या पेटीच्या बाजूने बारीक टकटक ऐकू येत होती. खडी उडत असेल असे समजून मी तसाच विळ्यापर्यंत गेलो. चहाला थांबल्यावर पाहिले, तर पेटीच्या चौकटीचा मागचा बोल्ट गायब होता, पुढचा दोन आट्यांवर लटकत होता आणि खाली झुकलेल्या चौकटीने इंडिकेटरच्या वायरचे आवरण घासून तांबे उघडे पाडले होते. टपरीवाल्याकडच्या बांधकामाच्या तारेने चौकट आवळून कसाबसा घरी पोहोचलो.

चूक माझीच होती. ही चौकट मी लांबच्या प्रवासापुरती बसवतो आणि परत आलो की काढतो, पण दर वेळी तेच जुने नायलॉक नट (आत आटे घट्ट धरणारे नायलॉनचे कडे असलेले) लावत होतो. नवा नायलॉक नट नायलॉनच्या कड्यापाशी आला की बोटांना दाद देत नाही, तिथून पुढे पानाच लागतो. माझ्या नटांची कडी झिजली होती, ते शेवटपर्यंत बोटांनी फिरत होते आणि मला ती सोय वाटत होती.

एकदाच बसवून विसरायचा बोल्ट आणि महिन्याला काढायचा बोल्ट यांना एकच उपाय चालत नाही, असे मला आता वाटते. आपले अनुभव लिहावेत. बोल्ट कुठला, किती मापाचा आणि किती वेळा काढता, हे सांगितल्यास इतरांना अधिक उपयोग होईल.

नाशिकहून

माझी नोकरी जुळणी विभागातली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. बोल्ट 'कंपनाने' सुटतो असे आपण म्हणतो, परंतु 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवून दिले की, आवळलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की बोल्ट स्वतःहून उलटा फिरू लागतो. म्हणजे खरा प्रश्न दाबाचा आहे : भाग सरकूच नयेत इतका दाब बोल्टने धरला पाहिजे. स्प्रिंग वॉशर पुरेसा आवळला की सपाट होतो आणि त्यानंतर साध्या वॉशरहून फारसे वेगळे काम करत नाही, हे आमच्या गॅरेजवाल्या मित्राला मी दहा वर्षे सांगतो आहे आणि तो दहा वर्षे स्प्रिंग वॉशर लावतो आहे.

माझ्या गाडीच्या चौकटीला जाड पावडर कोटिंग होते. बोल्ट टॉर्क रेंचने (पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळूनही दोनशे किलोमीटरनंतर ढिला निघाला, कारण वॉशरखालचा रंग दबून पातळ होत गेला आणि तेवढा ताण निघून गेला. तेव्हा मी वॉशरच्या आकाराएवढा रंग खरवडला, उघड्या लोखंडावर गंज धरू नये म्हणून वॉशरच्या कडेबाहेर ग्रीसचे बोट फिरवले आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. त्यानंतर तक्रार नाही. सामानासोबतच्या कागदावर आकडा नसेल, तर 8.8 या ताकदीच्या प्रतीच्या कोरड्या बोल्टला मी एम6 (6 मिलिमीटर व्यासाच्या) साठी सुमारे 10 आणि एम8 साठी सुमारे 25 न्यूटन-मीटर धरतो; मात्र हे आकडे पोलादी आट्यांचे आहेत, ॲल्युमिनियमच्या आट्यांना यापेक्षा कमी लावावे.

मालवणहून

आमच्याकडे बोल्ट सुटण्यापेक्षा न सुटण्याचा त्रास अधिक. गंजू नये म्हणून स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या मागच्या रॅकमध्ये बसवले. खारे वारे आणि दोन पावसाळे एवढ्यात ॲल्युमिनियम पांढरे पडून फुगले आणि बोल्ट आत जाम झाला. पाना लावला तर डोकेच तुटून हातात आले. शेवटी ड्रिल करून नवे आटे पाडावे लागले. आता आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारे वंगण, लावतो. त्याने आटे गुळगुळीत होतात आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो, म्हणून हात थोडा आखडता ठेवतो.

ठाण्याहून

विंडस्क्रीनचे चार छोटे बोल्ट सतत हलत, म्हणून मी त्यांना निळे थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारे द्रव) भरपूर लावले. आठवड्याभरात प्रत्येक भोकापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा निघाल्या. हे द्रव धातूच्या आट्यांसाठी असते आणि ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटला लागले तर त्याला तडे जाऊ शकतात, हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले मी नंतर वाचले. नव्या काचेला रबरी वेलनट (रबराच्या नळीत बसवलेले धातूचे नट) लावले आहेत, त्यांना हाताने बेताचे आवळणे पुरते.

इतर जागी मात्र निळेच वापरते. आधी आटे पेट्रोलने नव्हे, तर तेलाचा अंश न ठेवणाऱ्या ब्रेक क्लीनरने पुसते, एकच थेंब लावते आणि गाडी रात्रभर उभी ठेवते. लाल थ्रेडलॉकर काढत्या-घालत्या सामानाला कधीही लावू नये. तो बोल्ट सोडवायला चांगली आच द्यावी लागते.

कोल्हापूरहून

बोल्टच्या डोक्यावरून चौकटीवर पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की पाना काढावा. बाकी काही करत नाही.

पुण्याहून

लेहला निघण्यापूर्वी टॉप बॉक्सची 5 मिलिमीटर जाडीची पट्टी रॅकच्या मूळ एम8 बोल्टखालीच बसवून घेतली. एम8 च्या आट्याचे अंतर सव्वा मिलिमीटर असते, म्हणजे आत धरणारे पूर्ण चार आटे मी घालवले, हे गॅरेजवाल्याच्या लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही. मोरे मैदानाच्या कच्च्या रस्त्यावर उरलेले आटे बोल्टसकट ओरबाडून निघाले. पट्टी वाढली की बोल्टही तेवढाच लांब घ्यायचा.

सोलापूरहून

पेटी चोरीला जाऊ नये म्हणून मध्ये पिन असलेले, खास चावीने उघडणारे बोल्ट बसवले आणि ती चावी पेटीतच ठेवून वर कुलूप लावले. कुलपाची चावी हरवली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चारही बोल्ट छिन्नी-हातोडीने दहा मिनिटांत उलटे फिरवून दिले आणि विचारले, 'हे महागातले होते का?'