लिनक्स मिंटवर कृतिदेवच्या जुन्या फायली आणि रेमिंग्टन टायपिंग : मदत हवी आहे

राम राम मंडळी,

अंबाजोगाईत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. दुकानातला पीसी तिसऱ्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे तो विषय संपला. चालतं मशीन भंगारात द्यायला जीव होईना. म्हणून एसएसडी टाकून लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्या हलक्या एक्सएफसीई रूपात बसवली. मशीन एकदम मोकळं झालंय. प्रिंटर वायर जोडताच लागला, स्कॅनिंगही होतंय. अंगठ्याच्या मशीनसाठी तेवढं विंडोज बाजूला ठेवलंय. विंडोजमधून परत आलं की घड्याळ साडेपाच तास चुकायचं, ते 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने नीट झालं.

अडलंय ते मराठीपाशी.

वाटणीपत्रं, संमतीपत्रं, भाडेकरार असे वर्षानुवर्षांचे नमुने कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) फाईल उघडली की 'मराठी'च्या जागी ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्ट टाकला की वाचता येतं, पण मला कायमचं युनिकोडच (कुठल्याही फॉन्टमध्ये, कुठेही मराठीच दिसणारा मजकूर) करायचंय, कारण ऑनलाईन अर्जात दुसरं चालत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. इंटरनेटवरचे कन्व्हर्टर बहुतेक हिंदीसाठी केलेले, त्यात 'शेतकऱ्याचा'मधला 'ऱ्या' मोडतो. आमच्या भागात हा शब्द नसलेला अर्ज सापडायचा नाही! एकेक फाईल हाताने तपासत बसणं शक्य नाही. शिवाय लोकांची नावं, गट नंबर असलेले कागद कुठल्याही वेबसाईटवर टाकायला मन धजत नाही.

दुसरं, टायपिंगला असलेल्या ताईंचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या कीबोर्ड मांडणीवर बसलेला आहे. आयबसमध्ये (लिनक्सवर भारतीय भाषा टाईप करायचं साधन) इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणी लगेच मिळाली, पण त्यांना या वयात नवा कीबोर्ड शिका म्हणणं मला बरोबर वाटत नाही. त्यांचा वेग हीच दुकानाची कमाई आहे.

तर,
१) नेट बंद ठेवून पूर्ण फोल्डर एकदम बदलणारं, 'ऱ्या' आणि 'ळ' सांभाळणारं काही कुणी वापरलंय का? टेबल आणि मार्जिन जागेवर राहिले पाहिजेत.
२) मराठी रेमिंग्टन आयबसमध्ये घ्यावं की एफसीआयटीएक्स-५ या तशाच दुसऱ्या साधनात? जोडाक्षरं टाईपरायटरसारखीच उमटतात का?

टर्मिनलची भीती नाही, फक्त कमांड क्रमाने सांगा. आधी फोल्डरच्या कॉपीवर करून बघतो आणि काय झालं ते इथेच लिहितो.