कंपनी, स्टुडिओ, टॉकीज आणि सीपी-बेरार

विचारणा : 'प्रभात फिल्म कंपनी' आणि 'प्रभात स्टुडिओ' यांत फरक काय? आजोबा कायम 'कंपनीत' म्हणायचे, 'स्टुडिओत' कधीच नाही. आणि 'वितरक' हा शब्द कुठून आला?

प्रतिसाद : आजोबांचं बरोबर होतं. कंपनी माणसांची, स्टुडिओ जागेचा. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी भागीदारीत काढली ती कंपनी. १९३३ मध्ये तिने बिऱ्हाड पुण्याला हलवलं आणि तिथे उभारला तो स्टुडिओ. कंपनी मिटली, जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

'कंपनी' हा शब्द सिनेमाच्या आधी नाटकवाल्यांनी रुजवला. नट, पेटीवाला, पडदे रंगवणारा, आचारी, सगळे पगारी आणि एकाच बिऱ्हाडात. सिनेमावाल्यांनी हीच घडी उचलली. नटसुद्धा महिन्याच्या पगारावर. बाबूराव पेंटर तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच इकडे वळले. सिनेमातला आणखी एक जुना शब्द 'फॅक्टरी'. सिनेमात काम करणं कमीपणाचं होतं, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा' असं फाळक्यांनी आपल्या माणसांना बजावल्याची आठवण सांगतात.

'स्टुडिओ' इटालियन, मूळ लॅटिन 'स्टुडियम', म्हणजे मन लावून केलेला अभ्यास. 'स्टुडंट' त्याच घरातला. आधी चित्रकाराची खोली, मग फोटोग्राफरची, मग सिनेमाची. फ्रेंच सिनेमाकार मेलिएसने १८९७ मध्ये पॅरिसजवळ मोंत्रइला बांधलेल्या स्टुडिओला भिंती आणि छप्पर काचेचं होतं, कारण प्रकाश सूर्याचाच.

विचारणा : मग 'बॉम्बे टॉकीज'? ती तर सिनेमे काढायची. आमच्या गावात टॉकीज म्हणजे थिएटर!

प्रतिसाद : टॉकी म्हणजे बोलपट. १९३१ च्या 'आलम आरा'नंतर आवाज हीच जाहिरात झाली. १९३४ ची मालाडची बॉम्बे टॉकीज त्याच लाटेतली. थिएटरांनीही तीच पाटी लावली आणि मराठीत शब्द इमारतीलाच चिकटला. रणजित, वाडिया या चित्रपट कंपन्यांच्या नावांतलं 'मुव्हीटोन' तर अमेरिकेतल्या फॉक्सच्या ध्वनिपद्धतीचं व्यापारी नाव!

प्रतिसाद : आता 'वितरक'. 'वितरण' म्हणजे संस्कृतात देणं, दान करणं. बक्षीस वितरणात तो अर्थ शिल्लक आहे, डिस्ट्रिब्यूटरच्या कमिशनमध्ये मुळीच नाही. मला 'वाटप' जास्त आवडतं, पण 'वाटपकार' कोण म्हणणार? वितरक निर्मात्याकडून एका भागाचे हक्क घेतो, बहुधा मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेली किमान रक्कम, देऊन, आणि थिएटरांना सिनेमा पुरवतो. प्रभातचे सिनेमे बाबूराव पैंच्या फेमस पिक्चर्सने वाटले. पुढे पै प्रभातचेच भागीदार झाले.

धंद्यातले खरे शब्द 'टेरिटरी' आणि 'सर्किट', म्हणजे वितरणासाठी पाडलेले देशाचे भाग. इथे इंग्रजांचा नकाशा अजून भिंतीवर आहे. विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये (इंग्रजांचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड), मराठवाडा 'निझाम'मध्ये (जुनं हैदराबाद संस्थान), उरलेला बराचसा महाराष्ट्र 'बॉम्बे'त, तोही गुजरात आणि गोव्यासकट. १९६० साली महाराष्ट्र झाल्याची खबर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये, वितरकांच्या कचेऱ्यांत, बहुतेक कुणी दिलीच नाही.

विचारणा : आजोबा अकोल्याचे. म्हणजे सिनेमाच्या हिशेबात ते शेवटपर्यंत सीपी-बेरारचेच!