प्रॉपर्टी ग्रिड : मूल्य बदलले की सरसकट रिफ्रेश करावे का?

परळकर (धागाकर्ता)

लोअर परळमधील एका कार्यालयीन इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेसाठी आम्ही विंडोज फॉर्म्समध्ये (डॉटनेटमधील खिडक्या बांधण्याची सोय) सेटिंगची खिडकी तयार केली असून तीत डॉटनेटचा प्रॉपर्टी ग्रिड, म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टी नाव-मूल्य अशा ओळींत दाखवणारा तक्ता, वापरला आहे. थंड पाण्याचे इच्छित तापमान, त्याचे एकक आणि पंपाची गती ऑपरेटर भरतो. सेन्सरकडून येणारे प्रत्यक्ष तापमानही त्याच ग्रिडमध्ये दिसते. एकक सेल्सिअसवरून फॅरनहाइट केले की खालच्या ओळीतील इच्छित तापमानाच्या ७ चे ४४.६ व्हायला हवे. ऑब्जेक्टमध्ये (मूल्ये प्रत्यक्ष साठवणाऱ्या कोडमध्ये) ते होतेही, पण त्या ओळीवर क्लिक करेपर्यंत पडद्यावर ७ च राहतो.

यावर उपाय म्हणून एका सहकाऱ्याने दर सेकंदाला ग्रिडची रिफ्रेश मेथड (सर्व ओळी नव्याने वाचायला लावणारी आज्ञा) बोलावणारा टायमर लावला. परिणामी ऑपरेटर ६.५ लिहायला गेला, की ६ आणि टिंब होईपर्यंत टायमर यायचा आणि रकान्यात पुन्हा जुना ७ उभा राहायचा.

माझ्या मते सरसकट रिफ्रेश हा निव्वळ आळस आहे. एकक या प्रॉपर्टीवर रिफ्रेशप्रॉपर्टीज हे ॲट्रिब्यूट (कोडमध्ये प्रॉपर्टीवर लावायची खूण) ‘ऑल’ असे लावले, की ते बदलताच ग्रिड बाकीच्या ओळी स्वतः नव्याने वाचतो. (अनेक जण ते तापमानावर लावतात आणि चालत नाही म्हणून तक्रार करतात. जिच्यामुळे इतर मूल्ये बदलतात, त्या प्रॉपर्टीवर ते लावायचे असते.)

हार्बरलाइन

असहमत. हे ॲट्रिब्यूट बदल ग्रिडमधूनच झाला तरच उपयोगी पडते आणि प्रॉपर्टीव्हॅल्यूचेंज्ड या ग्रिडच्या इव्हेंटचेही (मूल्य बदलल्याच्या सूचनेचेही) तेच आहे. तुमचे प्रत्यक्ष तापमान दुसऱ्या थ्रेडवरून (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागाकडून) येते, त्याची ग्रिडला गंधवार्ता नसते. क्लासमध्ये आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड (मूल्य बदलले की क्लासने स्वतः कळवण्याची सोय) लिहून पाहा, ग्रिड त्यालाही दाद देत नाही. म्हणजे शेवटी रिफ्रेशच बोलवावे लागणार.

दोष आंधळ्या टायमरचा आहे. मूल्य खरोखर बदलले आहे का ते पाहावे, बिगिनइन्व्होकने यूआय थ्रेडवर (पडदा हाताळणाऱ्या थ्रेडवर) यावे, तेथे ग्रिडच्या कंटेन्सफोकसवरून (कर्सर ग्रिडमध्ये आहे का हे सांगणारी प्रॉपर्टी) ऑपरेटर आत आहे का ते तपासावे आणि मगच रिफ्रेश करावे. हे कोडच्या चार ओळींचे काम एका जागी राहते. ॲट्रिब्यूट दहा क्लासमध्ये विखुरली, की नव्या माणसाला ती शोधत बसावे लागते.

परळकर

कंटेन्सफोकस आम्ही वापरून पाहिले. ऑपरेटर एका ओळीवर क्लिक करून चहाला गेला आणि फोकस ग्रिडमध्येच राहिल्यामुळे तापमान तब्बल वीस मिनिटे गोठलेले दिसत राहिले. अर्धवट लिहिलेला आकडा पुसला गेला तर माणूस चिडतो तरी. शिळा आकडा मात्र ताज्यासारखाच दिसतो आणि कोणाला संशयही येत नाही.

तिसरी पाळी

आपण दोघेही चुकीच्या जागी भांडत आहात. हा ग्रिड म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओतील गुणधर्मांच्या खिडकीचाच प्रकार, म्हणजे माणसाने सावकाश बसून बदलायच्या मूल्यांसाठीचा. दर सेकंदाला हलणारे वाचन त्यात कोंबायचेच कशाला? ते वर एका लेबलमध्ये बाइंड करावे, म्हणजे लेबल थेट त्या मूल्याला जोडावे. तेथे आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड व्यवस्थित चालते, फक्त इव्हेंट यूआय थ्रेडवर उठवावा.

हार्बरलाइन

एका वाचनासाठी हे ठीक आहे. आमच्याकडे यंत्रागणिक वेगवेगळी अशी चाळीस वाचने आहेत. क्लास दिला की ओळी आपोआप तयार होतात, याच सोयीसाठी आम्ही ग्रिड घेतला. आता चाळीस लेबले हाताने मांडायची काय?

तिसरी पाळी

लेबले नकोत, डेटाग्रिडव्ह्यू (ओळी-रकान्यांचा साधा तक्ता) घ्या आणि त्याला बाइंडिंगलिस्ट (घटकांतील बदल तक्त्याला कळवणारी यादी) जोडा. घटकांमध्ये आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड असेल, तर ज्या ओळीचे मूल्य बदलले तीच ओळ ताजी होते. हा तक्ता केवळ वाचनासाठी ठेवावा, भरायचे रकाने प्रॉपर्टी ग्रिडमध्येच राहू द्यावेत.

हार्बरलाइन

वाचनांपुरते मान्य. पण दुसऱ्या संगणकावरून कोणी सेटिंगच बदलली, तर ती भरायच्या रकान्यातच दिसायला हवी आणि तेथे रिफ्रेशवाचून गत्यंतर नाही.

परळकर

तेवढे रिफ्रेश मीही ठेवीन. मात्र ते आपोआप होऊ देणार नाही. ग्रिडच्या वर ‘सेटिंग अन्यत्र बदलली आहे’ अशी पिवळी पट्टी आणि शेजारी एक बटण असेल, आणि ऑपरेटरने आपले ६.५ लिहून पूर्ण केल्यावर त्याला वाटेल तेव्हा तो ते दाबेल.