मदत हवी आहे: भाचीच्या आतड्यात स्निग्धांश अडकतो, जनुकीय तपासणीबद्दल विचारायचं आहे

नमस्कार. माझी भाची (भावाची मुलगी) सव्वा वर्षाची आहे आणि जन्मापासून अंग धरत नाही. शी पांढरट, तेलकट, उग्र वासाची. दूध प्यायली की उलटी, पोट कायम फुगलेलं. आधी गाईचं दूध बंद केलं, मग सीलिअ‍ॅकच्या शंकेने गहू बंद केला, कशानेच फरक पडला नाही. घामातल्या क्षाराची तपासणी नॉर्मल आली, म्हणून सिस्टिक फायब्रोसिसही बाजूला पडला.

शेवटी एंडोस्कोपी झाली. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आतून साय धरल्यासारखा पांढरा दिसला. पोर उपाशी असतानाही बायोप्सीत आतड्याच्या पेशी स्निग्धाच्या थेंबांनी भरलेल्या होत्या. कोलेस्टेरॉल 32, ट्रायग्लिसराइड 6 (दोन्ही फारच कमी), एलडीएल जवळपास नाहीच. रक्तातल्या लाल पेशी काटेरी. 'ई' जीवनसत्त्व फारच कमी. डॉक्टरांना अबीटालायपोप्रोटिनेमिया या जन्मजात आजाराची शंका आहे.

मला कळलेलं असं: खाल्लेला स्निग्धांश पेशीत शिरतो, पण एमटीपी नावाचं प्रथिन नसेल तर तो अ‍ॅपो-बी प्रथिनावर चढत नाही, कायलोमायक्रॉन (स्निग्धांश पेशीबाहेर वाहून नेणारे कण) तयार होत नाहीत आणि स्निग्धांश तिथेच अडकून पडतो. या प्रथिनाचं जनुक एमटीटीपी, चौथ्या गुणसूत्रावर. आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. दादा आणि वहिनी आतेमामे भावंडं आहेत, त्यामुळे हे आमच्या घरात का आलं असेल ते समजतंय. वहिनी मात्र स्वतःला दोष देत बसते, ते बघवत नाही.

दोघांचंही लिपिड प्रोफाइल अगदी नॉर्मल आलंय. यावरून एपीओबी (अ‍ॅपो-बी प्रथिनाचं जनुक) या जनुकाचा दोष नाही असं म्हणता येईल का? जनुकीय तपासणी महाग आहे, एकाच जनुकाची करावी की जास्त? आणि आई सांगते की रोज खोबरेल तेल द्या, ते पचायला हलकं. देऊ का? इथे कुणाच्या घरी असं मूल वाढलंय का, तेही कृपया लिहा.

प्रतिसाद:
ताई, मी बालरोग विभागात आहारतज्ज्ञ आहे, जे पाहिलंय ते सांगते. आईवडिलांचे आकडे नॉर्मल असणं महत्त्वाचं आहे. एपीओबीचा दोष असता तर एकच सदोष प्रत असलेल्या पालकांचंही एलडीएल सहसा निम्म्यावर आलेलं दिसतं. म्हणजे कल एमटीटीपीकडे आहे. तरीही पॅनेलमध्ये (अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीत) एमटीटीपी, एपीओबी आणि एसएआर१बी तिन्ही असू द्या. तिसऱ्या जनुकाच्या दोषात कायलोमायक्रॉन बनतात पण पेशीबाहेर पडत नाहीत. त्यात उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड बहुधा नॉर्मल असतं, तुमच्या भाचीचं तसं नाही.

रिपोर्टला वेळ लागेल, 'ई' जीवनसत्त्वासाठी मात्र थांबू नका. यात ते खूप मोठ्या मात्रेत लागतं, दुकानातल्या थेंबांनी भागत नाही. मात्रा डॉक्टरच वजनावर ठरवतील. अ, ड, के बद्दलही विचारा. उशीर झाला तर नसा आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो. लवकर सुरू केलेल्या मुलांचं बरंच नुकसान टळतं.

खोबरेल तेल नको. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्यातलं बरंचसं कायलोमायक्रॉनच्याच वाटेने जातं. एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं तेल) वेगळं, ते थेट यकृताकडे जातं, पण या आजारात यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तेही स्वतःहून देऊ नका. वरणभात, नाचणीची पेज, साय काढलेल्या दुधाचं दही चालेल. तूप, शेंगदाणे बाजूला ठेवा. स्निग्ध पूर्ण बंदही करायचं नाही, आवश्यक मेदाम्लांपुरतं मोजून द्यावं लागतं.

वहिनींना सांगा, दोघांनाही ठाऊक नसलेली ही प्रत आहे. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के राहतो, म्हणून भाचीतला नेमका बदल सापडला की आधी जनुकीय समुपदेशकांना भेटा. तो बदल माहीत असेल तरच गर्भावस्थेत तपासणी करता येते. रक्ताच्या काचेचा (सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी पाहिल्याचा) रिपोर्ट आणि बायोप्सीचे फोटो दोन्ही सोबत न्या.