मदत हवी आहे: तुरीच्या नव्या वाणाचं बियाणं गावात आधी कोणाच्या हाती द्यावं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. खालचं शिवार काळं, वाडीकडचं मुरमाड. वाडीवर सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून अजून बीएसएमआर ७३६ हीच तूर पेरतात. वांझ रोगात ती टिकते, पण तिला जवळपास सहा महिने लागतात आणि हलक्या रानातली ओल तोवर राहत नाही. ऐन शेंगा भरताना झाडं सुकतात. बदनापूर संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ साधारण १५० ते १५५ दिवसांत निघतो, मर रोगालाही दाद देत नाही. वाडीला हवा तसाच वाण, पण गेला मात्र खालच्या शिवारात.

परभणीच्या कृषी विद्यापीठात दरवर्षी १८ मेला खरीप मेळावा भरतो. तिथून दोघा-तिघांनी पिशव्या आणल्या, सगळे विहीरवाले, ठिबकवाले. पीक झकास आलं. वाडीवरची माणसं बघून गेली आणि म्हणाली, "त्यायच्याकडं पाणी हाय, त्यायला काय पिकंना!" पुढं बियाणं भावकीत आणि सोयऱ्यांत वाटलं गेलं. सोयऱ्यांमार्फत ते सेलूकडं पोचलं, पण ओढा ओलांडून वाडीवर आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरले, पण त्या ग्रुपात वाडीवरची मोजकीच माणसं आहेत, बाया तर नाहीतच. घरोघरी बियाणं निवडून, वाळवून ठेवतात त्या मात्र बायाच.

यंदा आमच्या बचत गटाकडं पाच-सहा घरांपुरतं बियाणं येतंय. ते वेगवेगळ्या आळ्यांत एकेक घर धरून द्यावं, की वाडीवरच एकत्र? आणि बटईनं करणाऱ्यांना द्यायचं तर मालकाशी कसं बोलावं? मला हे वाया जाऊ द्यायचं नाही.

प्रतिसाद १
ताई, सगळं वाडीवरच द्या. अमेरिकेत आयोवातल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, यावर रायन आणि ग्रॉस यांचा १९४३ चा अभ्यास आहे. वाणाची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचं ठरवताना वजन पडलं शेजाऱ्यांचं. आपल्याकडंही तेच. एकाच रानात पीक आलं तर लोक नशीब म्हणतात, लागून असलेल्या तिघांच्या रानात आलं तर वाण म्हणतात. प्रत्येकानं जुन्या तुरीशेजारी नव्या तुरीची चार तासं, म्हणजे ओळी, घालावीत, म्हणजे फरक उभ्या उभ्या दिसेल. गरीब पण ज्यांच्या शब्दाला वाडीवर मान आहे अशी घरं निवडा. सरपंचाचं घर नको.

प्रतिसाद २
वरचं पटलं, पण एक अडचण आहे. तुरीत मधमाश्यांमुळं परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्याला लागतो. जुनीला लागून असलेल्या तासांचं बियाणं धरलं तर दोन-तीन वर्षांत भेसळ होईल. ती तासं बघण्यापुरतीच ठेवा, बियाण्याचा तुकडा जुन्या तुरीपासून लांब, वेगळा करा. ते बियाणं शेजाऱ्याला द्यायला-विकायला २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

बटईवाल्याचं पेरणीआधी मालकासमोरच बोला. बियाणं गटाचं, वाटा नेहमीचा, हे तिथंच ठरवून घ्या. शिवारफेरी शेंगा भरताना ठेवा आणि बाया मजुरीला जायच्या आत, सकाळीच उरका.