जैन जेवण मागितलं म्हणजे झालं, असं नाही हो

पुण्याच्या एका कुटुंबाने विचारलंय, काय काळजी घ्यावी: सात वर्षांच्या मुलाला शेंगदाणा आणि काजूची अ‍ॅलर्जी, सिंगापूरहून क्रूझ, बरोबर आजी-आजोबा, आणि त्यावर कोणीतरी सुचवलंय की जैन जेवण सांगा म्हणजे टेन्शन नाही. अहो, जैन म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही, काजूची ग्रेव्ही बिनधास्त असते त्यात!

बुकिंग झाल्या झाल्या क्रूझ कंपनीला अ‍ॅलर्जी लेखी कळवा, एजंटवर सोडू नका, आणि जहाजावर पहिल्याच दिवशी डायनिंग रूमच्या हेड वेटरला गाठा, बऱ्याच जहाजांवर ते आदल्या रात्री उद्याचा मेनू दाखवून मुलाचं वेगळं करून देतात. बुफे मात्र शक्यतो टाळा, साटेच्या (काडीवर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांच्या) शेंगदाणा सॉसमधला चमचा शेजारच्या नूडल्समध्ये कोण कधी घालेल सांगता येत नाही.

औषधं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा चेक-इनला घेतात त्या केबिनवर यायला कधीकधी संध्याकाळ होते. आणि नुसत्या सेट्रिझिनच्या (अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या औषधाच्या) भरवशावर जाऊ नका, त्याने खाज कमी होईल पण श्वास अडकला तर अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. आपल्याकडे ऑटो-इंजेक्टर (ठरलेला डोस भरलेलं, दाबलं की टोचणारं तयार इंजेक्शन) सहज मिळत नाही, म्हणून पुण्यातच डॉक्टरांकडून डोस, पत्र आणि इंजेक्शन द्यायचं कसं ते नीट शिकून घ्या. दिल्यावर लगेच जहाजाच्या डॉक्टरकडे.

आजींच्या पिशवीतला खाऊ पण तपासा बरं का, "चिमूटभर कुटाने काय होतंय" हे आमच्याकडे अजून चालू आहे.