४ टीबीची डिस्क: डॉकमध्ये १६७८ जीबी, सॅटावर २०४८ जीबी. डिस्क सदोष की मांडणी चुकली?

रिकामी_जागा
डिस्क ४ टीबीची, साडेतीन इंची. जुन्या यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायचा स्टँड) लावली की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये अख्खी डिस्कच १६७८.०२ जीबी दिसते. तीच मदरबोर्डच्या सॅटा पोर्टवर लावली की एकूण ३७२६.०२ जीबी, पण त्यात २०४८ जीबीचं एनटीएफएस पार्टिशन आणि पुढे १६७८.०२ जीबी अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच पार्टिशनला न दिलेली जागा. त्या काळ्या पट्ट्यावर राइट-क्लिक केलं तर 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' मंद, दाबताच येत नाही. पार्टिशन सॅटावर असतानाच केलं, त्यात साधारण १.४ टीबी डेटा आहे. विंडोज १० आहे, पण ते वेगळ्या एसएसडीवर.
डिस्क बदलून घ्यावी का? आणि फॉरमॅट न करता उरलेली जागा मिळेल का?

सेक्टर५१२
डिस्क ठणठणीत आहे. तुमचे आकडेच सांगतायत.

आधी ३७२६ चं. डब्यावरचे ४ टीबी दशमान पद्धतीचे, म्हणजे ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी त्याला जीबीच म्हणतं, म्हणून ३७२६.०२. इथे काही हरवलेलं नाही.

आता गंमत बघा. १६७८.०२ हा आकडा तुम्हाला दोन ठिकाणी दिसला, पण दुखणी दोन वेगळी आहेत. डिस्कवर ५१२ बाइटचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर (साठवणीचे कप्पे) आहेत. ३२ बिटांत फार तर ४,२९,४९,६७,२९६ मावतात. डॉकमधली चिप ३२ बिटांतच मोजते, त्यामुळे मीटर एक फेरा पूर्ण करून पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि उरतात ३,५१,९०,६९,८७२ सेक्टर. म्हणजेच १६७८.०२ जीबी. सॅटावर हा त्रास नाही, पण तिथे डिस्क एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड, पार्टिशनांचा तक्ता ठेवायची जुनी पद्धत) पद्धतीने इनिशियलाइझ झाली आहे. एमबीआरच्या तक्त्यातही सेक्टरसाठी ३२ बिटच, म्हणून २०४८ जीबीला कुंपण. त्यापलीकडचं दिसतं, वापरता येत नाही.

खात्री करायची तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडच्या 'डिस्क १' या चौकोनावर (पार्टिशनवर नव्हे) राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. 'पार्टिशन स्टाइल' समोर मास्टर बूट रेकॉर्ड लिहिलेलं असेल.

काळी_खिडकी
डेटा ठेवून जीपीटी (तक्त्याची नवी पद्धत, तिला हे २०४८ जीबीचं कुंपण नाही) करता येतं, पण विंडोजच्या स्वतःच्या हत्यारांनी नाही. डिस्कपार्टचं 'कन्व्हर्ट जीपीटी' रिकामी डिस्क मागतं, आणि 'एमबीआर२जीपीटी' फक्त विंडोज बूट होणाऱ्या डिस्कसाठी आहे. 'क्लीन' (सगळा तक्ता पुसणारा आदेश) तर चुकूनही देऊ नका.

डिस्क सॅटावरच ठेवा. शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहत नाही. मग लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. 'एलएसबीएलके' देऊन ३.६ टी आकाराची डिस्क कोणती ते बघा. एसडीबी असेल असं गृहीत धरू नका, अक्षरं बदलतात. त्या डिस्कवर रूट अधिकाराने जीडिस्क (पार्टिशनांचा तक्ता बदलणारा प्रोग्राम) चालवा, फक्त डिस्कचं नाव द्या, पुढे पार्टिशनचा आकडा नको. ते सांगेल की एमबीआर सापडला, तो स्मृतीत जीपीटीत रूपांतरित केला. तोवर डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं. 'पी' दाबून पार्टिशन २०४८ जीबीचंच दिसतंय ना ते तपासा. पटलं तर 'डब्ल्यू', मग 'वाय'. शंका आली तर 'क्यू', काही बिघडत नाही.

जीपीटीला सुरुवातीला ३४ आणि शेवटी ३३ सेक्टर लागतात. विंडोज पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतं आणि तुमचं शेपूट रिकामंच आहे, त्यामुळे अडचण येऊ नये. डिस्क 'डायनॅमिक' (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) असेल तर मात्र हा मार्ग विसरा. बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल तर आधी पूर्ण डिक्रिप्ट करा.

परत विंडोजमध्ये येऊन पार्टिशनवर राइट-क्लिक, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'. ४ केबी क्लस्टरचं एनटीएफएस १६ टीबीपर्यंत वाढतं. ड्राइव्ह लेटर बदललेलं दिसेल कदाचित.

आणि १.४ टीबीपैकी जे पुन्हा मिळणार नाही ते तरी आधी दुसरीकडे उतरवा. तक्ता लिहायला सेकंद लागतो, पण वीज जायलाही तेवढाच.

अर्धी_थाळी
मध्येच विचारतो. १ टीबीची डिस्क थेट बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) ४६५.७६ जीबी दिसते. पार्टिशनं सगळी उडवली तरी तेच. हाही एमबीआरचाच प्रकार?

जुना_जंपर
नाही. १ टीबीला एमबीआर पुरतो. बायोसला कमी दिसतंय म्हणजे डिस्क स्वतःच तसं सांगते आहे.

आधी बायोसमधला मॉडेल नंबर आणि लेबलवरचा नंबर जुळवा. जुळत नसेल तर स्टिकर बदललेलं आहे, पुढे काही करू नका. जुळत असेल तर संशय एचपीएवर: डिस्कच्या शेवटी लपवून ठेवलेला भाग. सॅटावर जोडून (बरेच यूएसबी डॉक हा आदेश पुढे पाठवत नाहीत) लिनक्सवर एचडीपार्म हा आदेश मोठ्या एन (-N) स्विचने चालवा. ९७,६७,७३,१६८ / १,९५,३५,२५,१६८ असे दोन आकडे आणि 'एचपीए इज एनेबल्ड' आलं तर सापडलं. पहिला आकडा सध्याची मर्यादा, दुसरा खरी क्षमता.

त्याच स्विचपुढे मोठा आकडा दिला की मर्यादा तेवढी होते. आकड्याआधी 'पी' असेल तर कायमची, नसेल तर वीज बंद होईपर्यंतच. आधी 'पी'शिवाय करून बघा. कायमचा बदल एका पॉवर-ऑनमध्ये एकदाच चालतो, दुसऱ्यांदा एरर आली तर मशीन पूर्ण बंद करून मग प्रयत्न करा, रीस्टार्ट पुरत नाही. (नव्या आवृत्त्या 'मी काय करतोय ते मला माहीत आहे' अशा अर्थाची लांबलचक कबुलीही लिहून घेतात. योग्यच आहे.) दोन्ही आकडे सारखेच आणि तरी कमी असतील तर डीसीओ (क्षमता कमी दाखवायची डिस्कमधलीच दुसरी सोय). ते प्रकरण जास्त नाजूक, त्यासाठी वेगळा धागा काढा.

रिकामी_जागा
जीडिस्कने झालं. 'पी'मध्ये एकच पार्टिशन, कोड ०७०० (विंडोजचं डेटा पार्टिशन). विंडोजमध्ये एक्स्टेंड केल्यावर ३.६३ टीबी, फाइली जागच्या जागी. आता डॉकमध्ये लावली तर चालेल ना?

सेक्टर५१२
त्या डॉकमध्ये नको. त्याला डिस्क अजूनही १६७८ चीच दिसणार, पार्टिशन त्याच्या हद्दीबाहेर जाणार आणि विंडोज 'इनिशियलाइझ डिस्क' विचारणार. तिथे ओके दाबलं की आत्ता केलेला तक्ता पुसला जातो. चुकून लावलीच तर कॅन्सल करून काढून घ्या.